मध्येच पडलेली टाळी

दुसऱ्याच्या तोंडात आपलं काम असणं ही मोठी अवघड गोष्ट आहे. शिंप्याचं बरं असतं, त्याचा सदरा उसवला तर निदान चारचौघांत कुणी त्यात फुंकर मारत नाही.

ती दात बनवायची. डॉक्टरीण नव्हती. डॉक्टर लोक माप घेऊन पाठवायचे आणि ही आपल्या दीड खोलीच्या कारखान्यात बसून प्लास्टर ओतायची, मेणात दात लावायची, हिरड्यांचा गुलाबी रंग जुळवायची, तारेचे आकडे वाकवायची. गावातले निम्मे म्हातारे तिच्या जिवावर हसत होते आणि तिला रस्त्यात ओळखतही नव्हते. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. काम चांगलं झालं की ते कुणाचं आहे हे कळू नये, असंच ते काम.

पण ही कवळी दादाची होती.

दादा तिचा सख्खा थोरला भाऊ. हयात बंदराच्या कचेरीत गेली, आणि त्या हयातीतली प्रत्येक रिकामी संध्याकाळ ट्रम्पेटमध्ये. त्याला सगळे भोंगा म्हणत. वाजवायला लागला की श्वास घ्यायलाही थांबायचा नाही. स्वरांवर स्वर, जिन्यावरून पोतं सुटल्यासारखे. पियानोवाले गुरुजी म्हणायचे, “भोंग्याच्या सुरावटीत टाचणी ठेवायला जागा नाही.” दादाला ती स्तुती वाटायची.

वाजवायची जागा म्हणजे धक्क्याच्या टोकाला असलेली जुनी शेड. पूर्वी तिथे होड्यांची इंजिनं दुरुस्त व्हायची. मालकीणबाईंनी इंजिनं काढली, खुर्च्या मांडल्या, एक पियानो आणला, कोपऱ्यात कॉफीचं टेबल लावलं. डिझेलचा वास मात्र काही केल्या गेला नाही. भरतीच्या वेळी फळ्यांखाली पाणी चुबुक-चुबुक करायचं. दर रविवारी दुपार कलली की तिथे जॅझ चालायचं. माणसं इतकी जवळ बसायची की ढोल वाजवणाऱ्या बसड्रायव्हरच्या कोपराला जपून पाय पसरावे लागत.

जॅझची रीत साधी आहे. आधी सगळे मिळून एक धून वाजवतात. मग एकेकाची पाळी येते. पाळी आलेला त्या धुनेला हाताशी धरून मनाला येईल तिकडे हिंडून येतो, बाकीचे त्याला मागून आधार देतात. त्याचं हिंडून झालं की लोक टाळ्या वाजवतात, आणि त्या टाळ्यांतच पुढचा आपली पाळी उचलतो. गाणं थांबत नाही. टाळी कधी वाजवायची हे मात्र समजावं लागतं. नव्या माणसाला ते समजत नाही, म्हणून तो जुन्याकडे बघतो. या शेडमध्ये नवे लोक तिच्याकडे बघायचे. खांबाजवळच्या खुर्चीत बसणारी, बोटांना प्लास्टरने भेगा पडलेली बाई. तिची टाळी पडली की सगळ्यांची पडायची.

नवेच काय, गुरुजीसुद्धा त्या टाळीवर होते. जागा एवढीशी, त्यामुळे पियानो भिंतीला लावलेला, आणि गुरुजींची पाठ सगळ्यांकडे. वाजवणारा कुठे पोचलाय हे त्यांना दिसायचं नाही. टाळी ऐकू आली की ते समजायचे, संपलं, आता आपण. इतकी वर्षं यात कधी घोटाळा झाला नव्हता.

दादाच्या हिरड्या खराब झाल्या आणि वरचे पुढचे दात एकामागून एक काढावे लागले, तेव्हा ट्रम्पेट बंद पडलं. फुंकणाऱ्याचं ओठ आणि दात हेच तर हत्यार. तो दिवसच्या दिवस खिडकीत बसून राहायचा. वहिनी म्हणायची, “वन्सं, आयुष्यभर म्हटलं जरा शांत बसा, जरा शांत बसा. आता बसलेत तर माझ्याच छातीत धडधडतं.”

तिने मग ठरवलं, दात आपण करायचे, आणि साधे नाही, भोंग्याचे करायचे. शिकाऊ असताना तिने दादाच्याच तोंडाचं माप घेऊन हात बसवला होता. तो प्लास्टरचा साचा अजून तिच्या फळीवर होता. त्यात वरचा एक दात शेजाऱ्याच्या अंगावर जरासा चढलेला. दादाच्या ओठाला तीच सवय. तिने नव्या दातांच्या पट्टीत तो दात तसाच चढवला.

वहिनीने कपाळाला हात लावला. “अहो, नवे करायचे तर सरळ तरी करायचे! मुद्दाम वाकडे दात कुणी बसवून घेतं का? लोक म्हणतील, नणंदेला येत नसेल.”

“सरळ दातांनी हा फक्त जेवेल, वहिनी.”

“जेवू दे की. नाही कोण म्हणतंय?”

पट्टी झाली. दादाने घरी दार लावून सराव केला. आणि मग तो रविवार आला.

शेड भरली होती. मालकीणबाईंनी दादाला मिठी मारली, बसड्रायव्हरने त्याच्यासाठी ढोलावर थाप वाजवली. ती आपल्या खुर्चीत बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपण गाणं ऐकतच नाही आहोत. आपण दात ऐकतो आहोत. त्याने तोंडाला ट्रम्पेट लावलं की हिची नजर त्याच्या ओठावर. पट्टीला मागच्या दातांशी धरून ठेवणारी उजव्या अंगाची तार तिला अजून एकदा आवळायची होती. बसत होती तशी, पण बोटाला जरा सैल लागली होती. रविवार गाठायचा म्हणून ती तशीच राहिली. चालेल, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. आणि “चालेल” हा शब्द कारागिराने बोलायचा नसतो, हे तिला त्या खुर्चीत बसून आठवत होतं.

दादाची पाळी आली. सुरुवात त्याने हळू केली. तिला वाटलं, जपतोय. दोन-चार स्वर, मग पुन्हा दोन-चार. लोक माना डोलवू लागले. आणि मग तो एका उंच स्वरावर गेला आणि तिथून गप्प झाला.

भोंगा गप्प झाला.

ट्रम्पेट ओठांना तसंच लावलेलं. डोळे मिटलेले. मागे बसड्रायव्हर झांजेवर हलकेच घासतोय, खाली पाणी चुबुक करतंय, आणि दादा वाजवत नाही. आता वाजवेल, आता वाजवेल. नाही. तिच्या डोक्यात एकच चित्र उभं राहिलं: तार सुटली, पट्टी खाली आली, आता ती ट्रम्पेटच्या तोंडावर आपटून सगळ्यांच्या पायांत पडणार. तिचे दोन्ही हात तिला न विचारता वर आले आणि तिने टाळी वाजवली.

सगळ्यांची पडली. गुरुजींनी ती ऐकली आणि दहाही बोटं पियानोत घातली.

दादाने डोळे उघडले. कुणी झोपेत पांघरूण ओढल्यावर माणूस बघतो तसा तो क्षणभर बघत राहिला. मग ट्रम्पेट खाली घेतलं, हसला, मान झुकवली. कवळी जागच्या जागी होती. हसताना तो चढलेला दात तिला स्वच्छ दिसला.

पुढे त्या दिवशी तो सगळ्यांबरोबरची धून तेवढी वाजवत राहिला. त्याची पाळी आली की मान हलवून पुढच्याला द्यायचा. नंतर कॉफीपाशी लोकांनी त्याची पाठ थोपटली. गुरुजी म्हणाले, “छान आटोपतं घेतलंस. पहिल्याच दिवशी ताण नको.” दादा म्हणाला, “हो ना.” ती कपात साखर ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

आता एवढ्यावर माणूस काय म्हणेल? टाळीच ती, शिवी तर नव्हे. तीही स्वतःला हेच म्हणत होती. प्लास्टर कालवताना म्हणत होती, पॉलिशच्या चाकाशी म्हणत होती. मी त्याला वाचवायला गेले. बहीण आहे मी त्याची. पण हे वाक्य मनात पुरतं उभं राहीना, बुडाला छिद्र पडलेल्या बादलीसारखं दर वेळी रिकामं वर यायचं. कारण टाळी पडली त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे दादाचं तोंड नव्हतंच. तिची तार होती. लोक म्हणतील, बहिणीने कसले दात केले, हे होतं. त्या आठवड्यात तिने कुणा बाईच्या खालच्या पट्टीत वरचे दात लावले आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

मग एक दिवस वहिनी दादाला घेऊन कारखान्यात आली. वहिनी खुशीत होती, आणि खुशीत असली की ती उभ्याउभ्याच बोलायची.

“वन्सं, आलेत बरं का ताळ्यावर! म्हणतात दात सरळ करून घेतो. त्या दिवशी मी आरसा दाखवला नि म्हटलं, बघा, मिरवायचं वय आहे अजून.”

तिने दादाकडे पाहिलं. तो फळीवरचे साचे न्याहाळत होता, जसे काही ते विकत घ्यायला आला होता.

“दादा, सरळ केले तर फुंकता येणार नाही. तुझा ओठ...”

“ठाऊक आहे गं ठमे.”

“मग?”

“मग काय? झालं की वाजवून. ट्रम्पेट कपाटावर ठेवलंय. लोकांनी इतकी वर्षं ऐकलं, परवा टाळ्या वाजवून निरोपही दिला. कान धरून उठवण्यापेक्षा टाळ्यांनी उठवलं, भली माणसं आहेत.” त्याने तोंडात बोट घातलं, पट्टी काढली आणि तिच्या हातात ठेवली. पट्टी काढल्यावर त्याचा वरचा ओठ आत गेला आणि तो एकदम त्यांच्या वडिलांसारखा दिसायला लागला. “कह शहळ,” तो म्हणाला. कर सरळ.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वहिनी उभी होती, आणि वहिनी इतकी आनंदात होती, आणि सांगायला हवं त्या वेळी माणसाला अशी कारणं फार चटकन सापडतात. तिने पट्टी पाण्याच्या वाटीत ठेवली आणि म्हणाली, “ठेवून जा.”

ती दोघं निघून गेल्यावर तिने मशीनला बारीक दगड लावला. चढलेला दात काढून सरळ बसवायचा म्हणजे काही मोठं काम नव्हतं. मशीन सुरू केलं, पट्टी दिव्याखाली धरली, आणि दगड दातापासून बोटभर अंतरावर नुसताच फिरत राहिला. दात पाडणारे डॉक्टर असतात, म्हणून तिला कधी कुणाच्या दुखण्याचं पाप लागलं नव्हतं. हे लागलं असतं. तिने मशीन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला दादा एकटाच आला. तोंडाला रुमाल. वाटीत बघितलं. पट्टी होती तशी, वाकडी, पाण्यात पडलेली.

“झाहं नाही?”

“बस,” ती म्हणाली. “आधी घाल ती तोंडात. असा बोलायला लागलास की मला रडू येतं.”

त्याने घातली. बसला. तिने स्टुलावरचे मेणाचे तुकडे उगीच एका डबीत भरले.

“दादा, परवाची टाळी माझी होती.”

“मग? तुझी नाही तर कुणाची असणार?”

तिला वाटलं होतं, त्याला माहीत नसेल. “तुला कळलं होतं?”

“ठमे, घरात तू आणि मी एवढेच होतो तेव्हा मी पत्र्याच्या नळीत फुंकायचो आणि तू टाळी वाजवायचीस. ती टाळी मला ओळखू येणार नाही होय?” तो हसला नाही. “दुसऱ्या कुणाची असती ना, तर मी पुढे वाजवलं असतं. गुरुजींच्या डोक्यावर वाजवलं असतं. भोंगा आहे मी. पण तुझी होती. म्हटलं, हिला कळतं. ही म्हणतेय पुरे, तर पुरे.”

तिने मेणाच्या डबीचं झाकण लावलं.

“मी पुरे म्हटलं नाही,” ती म्हणाली. “मला वाटलं पट्टी निसटली. उजवी तार मला अजून एकदा आवळायची होती. रविवार गाठायचा म्हणून ठेवली तशीच. तू गप्प झालास, मला वाटलं, झालं, सुटली. म्हणून...”

“म्हणून मला झाकलंस.”

आता हो म्हटलं असतं तर खपलं असतं. दादाने स्वतःच पाट मांडून दिला होता, बसायचं तेवढं बाकी होतं.

“तुला नाही,” ती म्हणाली. “स्वतःला.”

दादाने दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले.

“मी थांबलो होतो गं,” तो म्हणाला. “मुद्दाम. एवढे महिने खिडकीत बसून तेवढंच तर शिकलो. सगळं आपणच भरायचं नसतं. एक स्वर सोडायचा आणि तो कुठे जातो ते बघत बसायचं. जन्मात पहिल्यांदा थांबलो मी. आणि तो स्वर जात होता, ठमे. छान जात होता. भिंतीपाशी पोचला असेल नसेल...”

तिने “चुकलं माझं” म्हणायला तोंड उघडलं, पण ते दोन शब्द त्या जागी इतके तोकडे वाटले की तिने तोंड मिटून घेतलं.

दादा उठला.

“थांब, तार तेवढी आवळून देते.”

“राहू दे.”

“अरे, सैल आहे ती.”

“राहू दे म्हटलं ना.” त्याने रुमाल खिशात कोंबला. दारात वळून म्हणाला, “रविवारी ये. हात घरी ठेवून ये.”

तो गेल्यावर तिला कळेना की हे बोलावणं होतं की टोमणा. दोन्ही असावं. भावंडांत ते वेगळं काढता येत नाही.

रविवारी ती खांबाजवळ बसली नाही. मागे, कॉफीच्या टेबलाशेजारी बसायला गेली, तर मालकीणबाईंनी दंडाला धरून पुढे आणलं. “तुमच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं की आमचा हिशेब चुकतो.” वहिनीही आली होती, आयुष्यात पहिल्यांदा. पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी. “दात वाकडेच ठेवलेत,” ती कुजबुजली. “दोघं बहीण-भाऊ एका माळेचे मणी.”

धून झाली. बसड्रायव्हरची पाळी झाली. त्याला टाळी दुसऱ्याच कुणीतरी दिली. मग दादा.

त्याने तशीच हळू सुरुवात केली. ती या खेपेला गाणं ऐकायचं ठरवून आली होती आणि ऐकतही होती. तो स्वर सोडायचा, थोडं थांबायचा, मग दुसरा. मोकळ्या जागा आता कानांना दिसत होत्या. टाचणी काय, माणूस बसेल एवढ्या. तिला वाटलं, एवढं ढळढळीत असताना मला त्या दिवशी ऐकू कसं आलं नाही?

तो वर चढला. उंच स्वर लागला. आणि टक् झालं.

इतकं बारीक, की शेजारी बसलेल्या वहिनीलाही कळलं नाही. पण तार दातावरून सुटताना कसा आवाज करते हे तिने रोज ऐकलेलं होतं. स्वर तुटला. दादा गप्प.

त्याचे डोळे मिटलेले नव्हते. उघडे होते, आणि सरळ तिच्याकडे होते.

ट्रम्पेटच्या मागे त्याचा उजवा गाल हलत होता. जिभेने पट्टी वर ढकलत होता. बसड्रायव्हरने एकदा मान वळवून पाहिलं आणि झांज चालू ठेवली. गुरुजींच्या पाठीवर सदरा ताणला गेला, हात पियानोच्या वर तयार. समोरची एक नवी मुलगी हात अर्धवट उचलून तिच्याकडे बघत होती, वाजवू का? सगळी शेड तिच्याकडे बघतेय असं तिला वाटलं. टाळी वाजवली तर दादा सुटतो. आज खरंच सुटतो. पट्टी ओठांआड दाबून मान झुकवेल, कुणाला काही कळणार नाही. नाही वाजवली आणि पट्टी पडली, तर ती पडेल सगळ्यांसमोर, वहिनीसमोर, आणि ती तार आपलीच.

तिने वाजवली नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. एकदा ज्याची वेळ आपण घेतली, त्याची पुन्हा घ्यायला हात उचलेना, एवढंच. खाली पाणी चुबुक करत राहिलं. वहिनीने पर्स सोडून तिचं मनगट धरलं.

मग दादाने नाकाने श्वास घेतला आणि खालचा एक स्वर लावला. जाड, जरा फाटका. लावला आणि धरून ठेवला, हळूच, निसरड्या अंगणात पाय टेकून बघावा तसा. टिकला. मग त्यावर दुसरा. उंचावर तो पुन्हा गेला नाही, खालीखालीच हिंडला, आणि हिंडून झाल्यावर शेडने अशी टाळी दिली की गुरुजी दचकले. तिची टाळी सगळ्यांत शेवटी पडली.

नंतर कॉफीपाशी गर्दी. गुरुजी दादाचा हात सोडेनात. “काय थांबलास रे! काय थांबलास! मला वाटलं, पाठीमागे कुणी मेलं की काय. भोंग्या, हे शिकलास कुठे?”

“सुचलं तसं,” दादा म्हणाला.

गुरुजी दुसऱ्या कुणाला ते सांगायला वळल्यावर दादा तिच्याजवळ आला. तिच्या हातातला कप घेतला, घोटभर कॉफी प्यायला, तोंड वाकडं केलं.

“ऐकलंस?”

तिने मान हलवली.

“टक् झालेलं?”

“हो.”

“मग वाजवली का नाहीस? तिथे जीव जात होता माझा! नको तेव्हा वाजवतेस, आणि हवी तेव्हा बाई ढिम्म!”

तो हसत होता की भांडत होता, तिला कळेना. चढलेला दात दिसत होता, पण तो भांडतानाही दिसायचा. तिने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला आणि नुसतेच हुंदके यायला लागले, एवढ्या लोकांत, एवढ्या वयात. वहिनी धावत आली. “अगंबाई! काय झालं वन्सं? बरं वाजवलं नाही का त्यांनी?”

“बरं वाजवलं,” ती म्हणाली.

“मग रडायचं काय त्यात? मला काही कळत नाही तुमचं.”

दादाने कप तिच्या हातात परत दिला. खिशातून रुमाल काढला, तोच, आणि तिच्या पुढ्यात धरला. माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही. तिनेही विचारलं नाही.

“उद्या सकाळी येतो,” तो म्हणाला. “उजवी तार आवळून दे. आणि मी बसेन तिथे, होईपर्यंत. घाई करू नकोस.”